डॉ. कमलाबाई सोहोनी यांचें चरित्र व त्याचीं साधनें

इतिहाससाधनांस वाहिलेल्या त्रैमासिकांत रसायनशास्त्रज्ञाचें चरित्र यावें, हें कांहीं वाचकांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. ताम्रपट, शिलालेख, बखरी, महजर व जुन्या पोथ्या यांच्या शोधांत आयुष्य वेंचणाऱ्या मंडळींस विसाव्या शतकांतील प्रयोगशाळेचें काय प्रयोजन, असें ते विचारतील. त्यास आमचें उत्तर असें कीं, साधनांची पारख सर्व काळांस एकच आहे. शकाच्या मितीनें लिहिलेल्या कागदास जी कसोटी लावावयाची, तीच इसवी सन १९३९ च्या टंकलिखित प्रबंधासहि लावावी लागते. आणि ज्या व्यक्तीस जाऊन फार काळ लोटला नाहीं, तिच्या चरित्रांतहि आख्यायिका व कागद यांची सरमिसळ किती त्वरेनें होते, हें पाहावयाचें असेल तर डॉ. कमलाबाई सोहोनी यांच्या चरित्राइतकें बोधप्रद उदाहरण विरळा.

कमलाबाईंचें नांव निघतांच बंगलोर येथील प्रवेशनकाराची हकीकत सांगितली जाते, आणि ती सांगून संपली म्हणजे चरित्रहि संपलें असें समजण्याची रीत पडत चालली आहे. ती हकीकत महत्त्वाची आहेच. परंतु ती उपोद्घात होय, ग्रंथ नव्हे. त्यांचा खरा ग्रंथ त्यांच्या संशोधनलेखांत आहे. आणि ते लेख दोन निरनिराळ्या नांवांखालीं विखुरलेले असल्यामुळें एकाच कर्त्रीचे आहेत, हें सूची चाळणाराच्या सहज लक्षांत येत नाहीं. प्रस्तुत लेखांत या दोन्ही गोष्टींचा विचार करावयाचा आहे.

कुल व जन्म

कमलाबाईंचा जन्म इंदूर येथें भागवत घराण्यांत झाला. जन्मतिथीविषयीं छापील साधनांत एकवाक्यता नाहीं. कोठें १८ जून १९११ ही तारीख दिलेली आढळते, तर कोठें जन्मवर्ष १९१२ असें छापलें आहे. अलीकडील लेखनांत १९११ हेंच वर्ष अधिक रूढ झालें असून आम्हींहि तेंच धरलें आहे. तथापि दोन्ही पाठ टिपून ठेवणें हा संशोधकाचा धर्म होय. त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत यांचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा असल्यानें दोहोंपैकीं कोणताहि पाठ असंभवनीय ठरत नाहीं.

वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेहि रसायनशास्त्रज्ञ होते. जमशेटजी टाटा यांच्या देणगीमुळें बंगलोर येथें १९०९ सालीं जी विज्ञानसंस्था स्थापन झाली, व जीस लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत, तिच्यांतून आरंभीच्या काळांत शिकून बाहेर पडलेल्यांत हे दोघे बंधु होते. याच आप्तवर्गांत संस्कृतज्ञ व सुधारक राजारामशास्त्री भागवत (१८५१–१९०८) होऊन गेले. दुर्गाबाईंचें नांव तर मराठी वाचकांस सांगावयास नको. 'ऋतुचक्रा'च्या लेखिका, लोकसाहित्याच्या अभ्यासिका व १९७५ सालच्या कऱ्हाड येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षा म्हणून त्या सर्वश्रुत आहेत. एकाच घरांतील एक कन्या लोककथांकडे वळली व दुसरी प्रथिनांकडे. पण सामान्य जनांच्या नित्याच्या जीवनांत शास्त्राचा विषय शोधावा, ही वृत्ति दोघींच्याहि लेखनांत सारखीच दिसून येते.

बंगलोर येथील प्रकरण

१९३३ सालीं कमलाबाईंनीं मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. ही पदवी, रसायन हा मुख्य व पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन, उत्तम रीतीनें संपादन केली. वडील व चुलते ज्या संस्थेंत शिकले तेथेंच आपणहि संशोधन करावें, या हेतूनें त्यांनीं बंगलोरास अर्ज केला. त्याच वर्षीं सर चंद्रशेखर वेंकट रामन हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. नोबेल पारितोषिक त्यांस १९३० सालींच मिळालें होतें. त्यांनीं, अर्जदार ही स्त्री आहे या कारणास्तव, प्रवेश नाकारला. वडील व चुलते यांच्या रदबदलीचाहि उपयोग झाला नाहीं. तेव्हां कमलाबाई स्वतः संचालकांपुढें उभ्या राहिल्या व सत्याग्रहाच्या मार्गानें त्यांनीं आपला हक्क मागितला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें एक वर्ष त्यांस नियमित विद्यार्थिनी समजलें जाणार नव्हतें. त्यांच्या कामाविषयीं संचालकांची खात्री पटल्यावरच तें काम मान्य व्हावयाचें होतें. आणि त्यांच्यामुळें इतर संशोधकांचें चित्त विचलित होतां कामा नये, अशीहि एक अट होती.

या हकीकतीचें साधन कोणतें, हें पाहिलें पाहिजे. अटींचा तपशील आज आपणांस मुख्यत्वें कमलाबाईंच्या उत्तरवयांतील कथनावरून ज्ञात आहे. पुष्कळ वर्षांनीं सांगितलेल्या आठवणीस तत्कालीन पत्राचें मोल देतां येत नाहीं, हा आपला नेहमींचा नियम आहे. परंतु त्याच नियमाची दुसरी बाजू अशी कीं, आठवण स्वतंत्र घटनांशीं जुळत असेल तर ती टाकूनहि देतां येत नाहीं. येथें ती जुळते. प्रवेश मिळाला, श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं दूध, कडधान्यें व डाळी यांतील प्रथिनांवर काम झालें, १९३६ सालीं एम. एस्सी. ही पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली. आणि पुढें त्या संस्थेचा दरवाजा इतर स्त्रियांसहि उघडला. म्हणून ही हकीकत खरी मानण्यास हरकत नाहीं. मात्र ती उद्धृत करितांना 'कथनावरून' हा शब्द लिहावयास विसरूं नये.

आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. रामन यांनीं १९३४ सालीं बंगलोर येथें विज्ञान अकादमी स्थापन केली. त्याच अकादमीनें २००८ सालीं भारतांतील शास्त्रज्ञ स्त्रियांच्या चरित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांच्या ग्रंथावरून त्यास 'लीलावतीच्या कन्या' या अर्थाचें इंग्रजी नांव दिलें असून त्यांत कमलाबाईंचें चरित्र आहे. संस्थांच्या दप्तरांत काळ कसा उत्तर देतो, याचा हा एक दाखला होय.

केंब्रिज येथील चौदा महिने

१९३७ च्या अखेरीस कमलाबाई केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम कॉलेजांत दाखल झाल्या. तेथील जीवरसायनाची प्रयोगशाळा सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या आधिपत्याखालीं होती. जीवनसत्त्वांविषयींच्या कार्याबद्दल १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. प्रथम डेरेक रिक्टर व ते गेल्यावर रॉबिन हिल यांजबरोबर कमलाबाईंनीं काम केलें. रिक्टर यांजसह लिहिलेला त्यांचा लेख १९३८ सालीं 'बायोकेमिकल जर्नल' मध्यें, व हिल यांजसह लिहिलेलें सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेझविषयींचें टिपण १९३९ सालीं 'नेचर' या साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें.

हें दुसरें काम काय होतें, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. प्राणी अन्न खातो व श्वास घेतो. श्वासांतील प्राणवायूनें अन्नाचें मंद ज्वलन होऊन शक्ति उत्पन्न होते. परंतु पेशींत ज्वाला नसते. तेथें हें ज्वलन अनेक पायऱ्यांनीं, एका हातांतून दुसऱ्या हातांत वस्तु द्यावी त्याप्रमाणें, इलेक्ट्रॉन पुढें पोंचवून घडतें. या साखळींतील कांहीं वाहक लोहयुक्त असून त्यांस रंग असतो. म्हणून ग्रीक भाषेंतील 'पेशी' व 'रंग' या अर्थांच्या शब्दांवरून त्यांस सायटोक्रोम असें नांव पडलें. केंब्रिज येथेंच डेव्हिड कायलिन यांनीं १९२५ सालीं कीटकांचे स्नायु, यीस्ट इत्यादिकांत वर्णपटदर्शकाच्या साहाय्यानें हीं द्रव्यें दाखवून दिलीं होतीं. सायटोक्रोम-सी हा त्यांतील एक वाहक. त्याजकडील इलेक्ट्रॉन अखेर प्राणवायूस देणारें जें द्रव्य, तें सायटोक्रोम ऑक्सिडेझ.

वनस्पतींत हीच यंत्रणा आहे कीं नाहीं, हा प्रश्न होता. हिरव्या पानांत ती पाहणें अवघड, कारण हरितद्रव्याचा गडद रंग सायटोक्रोमच्या फिक्या रंगरेषा झांकून टाकतो. बटाट्याच्या गरांत ती अडचण नाहीं. बटाट्यावरील प्रयोगांवरून कमलाबाई या निष्कर्षास आल्या कीं, वनस्पतींच्या पेशींतहि सायटोक्रोम-सी असून त्यांच्या श्वसनांत त्याचें कार्य आहे. म्हणजे ज्या साखळीनें बैलाचा स्नायु श्वसन करितो, तिच्याच जातीच्या साखळीनें शेतांतील कंद श्वसन करितो. प्रबंध टंकलिखित अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता, व केंब्रिजला पोंचल्यापासून चौदा महिन्यांत तो सादर झाला. सूत्रग्रंथांचें अल्पाक्षरत्व ज्यांस प्रिय आहे त्यांनीं या प्रबंधाच्या आकारावरून त्याचें मोल करूं नये.

१९३९ सालीं त्यांस पीएच. डी. मिळाली. येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवावा. केंब्रिज येथें १९२१ पासून स्त्रियांस पदवीचें नांव मिळे. विद्यापीठाचें पूर्ण सभासदत्व मात्र १९४८ पर्यंत मिळत नसे. त्यामुळें त्या काळच्या स्त्रीपदवीधरांचे कागद पाहतांना आजच्या पदवीची कल्पना त्यांवर लादूं नये.

'पहिल्या' या विशेषणाची परीक्षा

विज्ञानांत पीएच. डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री, असा कमलाबाईंचा उल्लेख सर्वत्र केला जातो. 'पहिला', 'आद्य', 'प्राचीनतम' हे शब्द दिसले कीं आपण लेखणी हातीं घेऊन थांबतों, तसें येथेंहि थांबावें. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांस अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाची डी. एस्सी. १९३१ सालीं मिळाली होती. रसायनशास्त्रज्ञ आसिमा चटर्जी यांस १९४४ सालीं कलकत्ता विद्यापीठानें डी. एस्सी. दिली, व भारतीय विद्यापीठाची विज्ञानांतील डॉक्टर ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री असा त्यांचा लौकिक आहे. तेव्हां कमलाबाईंविषयींचें विधान पीएच. डी. या विशिष्ट पदवीपुरतें मर्यादित ठेवावें. 'डॉक्टर झालेली पहिली शास्त्रज्ञ स्त्री' असें त्याचें रूपांतर करूं नये. असें केल्यानें कमलाबाईंचें महत्त्व तिळमात्र उणें होत नाहीं, व जानकी अम्मल यांजवर अन्यायहि होत नाहीं.

दिल्ली, कुन्नूर, मुंबई

१९३९ सालीं स्वदेशीं परत आल्यावर कमलाबाईंनीं दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयांत जीवरसायन विभागाचें प्रमुखपद स्वीकारलें. तेथून त्या कुन्नूर येथील पोषणसंशोधनशाळेंत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. ही संशोधनशाळा पुढें १९५८ सालीं हैदराबादेस हलविण्यांत आली. १९४७ सालीं त्यांचा विवाह विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांजबरोबर झाला व त्या मुंबईस आल्या. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेंत जीवरसायनाचें अध्यापन व संशोधन त्यांनीं केलें, पुढें त्या संस्थेच्या संचालकपदावर आरूढ झाल्या, व १९६९ सालीं सेवानिवृत्त झाल्या.

मुंबईच्या कालखंडांतील त्यांचें काम आमच्या हिंगोली जिल्ह्यासारख्या कडधान्यांच्या मुलखास विशेष जवळचें आहे. आपलें बहुजन अन्न डाळीवर चालतें, व शरीरास लागणारीं प्रथिनें मुख्यतः तिच्यांतूनच मिळतात. स्वादुपिंडांतून आंतड्यांत येणारें ट्रिप्सिन नांवाचें पाचक द्रव्य त्या प्रथिनांचे तुकडे करितें. परंतु कित्येक कडधान्यांत या ट्रिप्सिनासच जखडून ठेवणारें एक द्रव्य असतें, तें स्वतःहि प्रथिनच. कुलुपांत मोडकी किल्ली अडकून बसावी तसें तें ट्रिप्सिनाच्या कार्यस्थानीं अडकतें व पचन थांबतें. सोयाबीनमधील असें द्रव्य अमेरिकेंत कुनिट्झ यांनीं १९४५ च्या सुमारास स्फटिकरूपांत वेगळें केलें होतें. कमलाबाईंनीं आपल्या देशांतील अन्नपदार्थ या दृष्टीनें तपासले, आणि एका सहकाऱ्यासह वाल व डबल बी यांतील ट्रिप्सिनरोधक स्फटिकरूपांत मिळविल्याचें टिपण १९५५ सालीं 'नेचर' मध्यें प्रसिद्ध केलें. हीं द्रव्यें बव्हंशीं उष्णतेनें नष्ट होतात. कडधान्य भिजवून चांगलें शिजवावें, अर्धकच्चें खाऊं नये, ही जी आपल्या स्वयंपाकघरांतील परंपरागत आज्ञा, तिचें कारण असल्या संशोधनांतून उलगडतें. आज हिंगोली जिल्ह्यांत सोयाबीनचें पीक सर्वत्र दिसतें. तें कच्चें खाण्यास कां अयोग्य, याचेंहि उत्तर हेंच.

त्यांचें दुसरें काम नीरेविषयीं. ताड, माड, शिंदी यांचा रस पहांटे उतरविल्याबरोबर नीरा असतो. ऊन चढूं लागलें कीं तो आंबून त्याची ताडी वा शिंदी होते. राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनीं नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास हातीं घेतला. नीरेंत व तिच्यापासून केलेल्या गुळांत जीवनसत्त्वें व लोह असल्याचें दाखवून, आदिवासी समाजांतील कुपोषित मुलें व गर्भवती स्त्रिया यांस तिचा उपयोग होतो, असा निष्कर्ष त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं काढला. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतिपारितोषिक मिळालें. आरे येथील दुग्धप्रकल्पासहि त्यांनीं सल्ला दिला. १९६६ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या कार्यांत त्या अग्रभागीं होत्या, १९८२-८३ सालीं तिच्या अध्यक्षा होत्या, व 'कीमत' या तिच्या नियतकालिकांत ग्राहकांच्या हिताचे लेख लिहीत. २८ जून १९९८ रोजीं त्यांचें निधन झालें.

दोन नांवांचा प्रश्न

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वींचे नर्सी, औंढा, कळमनुरी किंवा वसमत यांविषयींचे सरकारी कागद जो 'हिंगोली' या शीर्षकाखालीं शोधील, तो रित्या हातानें परत येईल. ते परभणीच्या नांवाखालीं, आणि १९४८ पूर्वींचे तर निजामी राज्याच्या दप्तरांत शोधले पाहिजेत. हें आपण सर्व जाणतों. नेमकी हीच अडचण कमलाबाईंच्या लेखांविषयीं आहे. केंब्रिजकालीन लेखांवर 'के. भागवत' असें नांव आहे. मुंबईकालीन लेखांवर 'के. सोहोनी'. इंग्रजी वर्णानुक्रमाच्या सूचींत एक नांव आरंभीं, दुसरें पार शेवटाकडे. ज्यास हें ठाऊक नाहीं तो अशी समजूत करून घेईल कीं, वनस्पतिश्वसनावर लिहिणारी भागवत नांवाची कोणी व्यक्ति १९३९ नंतर लुप्त झाली, व कडधान्यांवर लिहिणारी सोहोनी नांवाची दुसरी व्यक्ति पन्नाशीच्या दशकांत एकाएकीं प्रकट झाली.

विवाहाचें वर्ष ही सीमारेषा धरली म्हणजे काम भागेल, असेंहि नाहीं. कारण उच्च वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेझविषयींचा हिल यांजसह लिहिलेला त्यांचा विस्तृत लेख 'न्यू फायटॉलॉजिस्ट' या नियतकालिकांत १९५१ सालीं, म्हणजे विवाहानंतर चार वर्षांनीं, 'भागवत' याच नांवानें छापला गेला. पोथीचें लेखनवर्ष व ग्रंथाचें रचनावर्ष जसें भिन्न असूं शकतें, तसेंच येथें कामाचें वर्ष व मुद्रणाचें वर्ष यांचें आहे. दोन्ही नांवांचे लेख एकत्र मांडले म्हणजे एक अखंड सूत्र हातीं लागतें. बंगलोर येथें डाळींतील प्रथिनें, केंब्रिज येथें बटाट्याचें श्वसन, मुंबईस वाल व नीरा: प्रत्येक वेळीं नित्याचा अन्नपदार्थ घेऊन त्याच्या पेशींत व द्रव्यांत काय चालतें, हें त्या पाहत होत्या. प्रवेशनकाराच्या हकीकतीवरून हें सूत्र कधींहि कळलें नसतें. उलट तें कळल्यावरच त्या नकारानें काय गमावलें गेलें असतें, याचा अंदाज येतो.

संग्राहकांस विनंति

आपल्यापैकीं जे गांवोगांव हिंडून दप्तरें गोळा करितात, त्यांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, स्त्रियांच्या कागदांची नोंद करितांना माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें लिहावीं, व एका नांवाखालून दुसऱ्याचा निर्देश करावा. दुसरी ही कीं, वाड्यांतील पेटाऱ्यांत पोथ्यांच्या तळाशीं प्रयोगाच्या वह्या, शास्त्रीय लेखांचे सुटे छाप, शिक्षकांचीं व वैद्यांचीं टिपणें मिळतात, तीं अर्वाचीन म्हणून रद्दींत जाऊं देऊं नयेत. कोणाच्या घरीं, केव्हां व कोणत्या कागदांसमवेत मिळालीं, तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. तिसरी ही कीं, वृद्धांच्या तोंडून ऐकलेली आठवण अवश्य उतरून घ्यावी, पण ती कोणीं, कोणत्या वयांत, कोणत्या सालीं सांगितली, याची नोंद तिच्या शिरोभागीं असावी.

कमलाबाईंच्या पिढीचे कागद अद्याप सर्वस्वीं नष्ट झालेले नाहींत. त्या पिढींत शिकलेल्या स्त्रिया थोड्या होत्या. त्यांतील ज्या प्रयोगशाळेपर्यंत पोंचल्या त्या त्याहून थोड्या. आणि ज्यांच्या वह्या कोणीं जपून ठेविल्या असतील, त्या तर बोटांवर मोजण्याजोग्याच असणार. पेशवाईच्या दप्तरांचा शोध आपल्या पूर्वसूरींनीं वाळवी लागल्यानंतर आरंभिला, व जें वांचलें त्यावर इतिहास रचिला. या कागदांस अद्याप वाळवी लागावयाची आहे, तोंच तें काम हातीं घेतां येण्यासारखें आहे.